ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये खरा चॅम्पियन कोणाला म्हणायचं?

माझ्या मते सिडनी स्वान्स क्लबच्या अ‍ॅडम गुड्सला. ब्राउनलो मेडल, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, त्याने 2003 आणि 2006 असं दोनदा मिळवलं. या मेडलसाठी मतं सामन्याचे पंच देतात, त्यामुळे त्या मेडलला वजन आहेच. पण मला 2012 ची ग्रँड फायनल (हंगामाचा अंतिम सामना) जास्त महत्त्वाची वाटते. दुसऱ्या क्वार्टरमध्ये गुडघ्याचं लिगामेंट दुखावलं, तरी गडी मैदान सोडेना. शेवटच्या क्वार्टरमध्ये गोल मारला आणि हॉथॉर्नविरुद्ध स्वान्स 10 गुणांनी जिंकले.

पुढच्याच वर्षी प्रेक्षकांतल्या 13 वर्षांच्या मुलीने त्याला वंशद्वेषी शिवी दिली. या आदिवासी खेळाडूने ती खपवून घेतली नाही, जागच्या जागी तिच्याकडे बोट दाखवलं. दुसऱ्या दिवशी मात्र, तिला दोष देऊ नका, ती अजून लहान आहे, असं आवर्जून सांगितलं. एवढं मोठं मन असलेले खेळाडू फार थोडे.