लेकीचं अमेरिकन नागरिकत्व आणि गावचे कागद

प्रश्न : ताई, माझी लेक न्यू जर्सीत आहे, ग्रीन कार्डला ५ वर्षं झाली. आता सिटिझनशिपचा फॉर्म भरायचाय. तिथला एक कन्सल्टंट म्हणतो सगळं मीच करतो, फक्त गावचा लग्नाचा दाखला इंग्रजीत करून नोटरी करून पाठवा. वकील लागतोच का? अन् तिच्या नावावरच्या केळीच्या शेताचं काय?
— एक वाचक, रावेर

उत्तर : भाऊ, वकील लागतोच असं नाही. फॉर्म एन-४०० सरकारी साइटवर फुकट मिळतो, फी ऑनलाइन भरली तर ७१० डॉलर, कागदावर ७६०. पण कायदेशीर सल्ला द्यायचा हक्क तिथे फक्त वकिलाला नाहीतर सरकारमान्य प्रतिनिधीला, साध्या कन्सल्टंटला नाही, मग तो आपल्या भुसावळचा का असेना! कधी अटक झाली असेल किंवा सलग ६ महिन्यांपेक्षा जास्त इकडे राहिली असेल तर मात्र आधी वकीलच गाठा.

दाखल्याला नोटरी कशाला? दोन्ही भाषा येणाऱ्या कोणीही पूर्ण भाषांतर करून खाली 'भाषांतर पूर्ण आणि बरोबर आहे, मला दोन्ही भाषा येतात' असं लिहून नाव, सही, पत्ता, तारीख टाकली की झालं. लग्नानंतर नाव बदललंय ना, म्हणून तो दाखला, आणि ग्रीन कार्डच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स. लेकीला पासपोर्टचे शिक्के बघून ५ वर्षांतल्या अमेरिकेबाहेरच्या सगळ्या वाऱ्यांच्या तारखा काढायला सांगा, खरं डोकं तिथेच उठतं.

अमेरिकन नागरिकत्वाची शपथ घेतली की भारताचं नागरिकत्व जातं, पासपोर्ट जमा करायचा अन् ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड) काढायचं. असलेलं शेत राहतं, वारसानंही मिळतं, नवीन शेतजमीन मात्र घेता येत नाही.