सही झाली, आता परत जायचं नाही

प्रश्न: माझा धाकटा भाऊ अग्निवीर म्हणून सैन्यात भरती झाला. सही केली तेव्हा तो सतरा वर्षं दहा महिन्यांचा होता, म्हणून फॉर्मवर बाबांचीही सही घेतली. त्याला आज 71 दिवस झाले. आजोबा गेले म्हणून त्याला दहा दिवसांची रजा मिळाली, त्यातले सहा दिवस उरलेत. आता तो परत जायचं नाही म्हणतो. जेवत नाही, रात्री छताकडे बघत पडून असतो. भरती ही खरं तर बाबांची हौस, त्याला आयटीआय करायचं होतं. ओळखीचे एक वकील म्हणाले, ‘अज्ञान मुलाची सही, करार मुळातच रद्द.’ (अज्ञान म्हणजे अठराच्या आतला.) मामा म्हणतो, माझ्या शेतावर राहू दे, दोन-तीन वर्षांत सगळं थंड होईल. त्याचा मित्र म्हणतो, गुडघा दुखतो म्हणून सांग, आपोआप घरी पाठवतील. आम्ही काय करावं?

उत्तर: ताई, मामांच्या शेतापासून सुरुवात करते. सगळ्यात जास्त नुकसान तिथे आहे आणि ते एकट्या भावाचं नाही. पळून आलेल्या सैनिकाला माहीत असूनही आसरा देणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम 164 खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. या कलमाला अपवाद एकच, नवरा किंवा बायको. आई त्यात नाही, बहीण नाही, मामा तर नाहीच. अग्निवीर भरतीच्या वेळी अविवाहितच लागतो, त्यामुळे तुमच्या घरात या अपवादाचा उपयोग कुणालाच नाही. त्याला ‘जाऊच नकोस’ म्हणून भरीस घालणं हा कलम 163 चा वेगळा गुन्हा. मामांना एवढं वाचून दाखवा.

‘दोन-तीन वर्षांत थंड होईल’ हे मी दर दोन-चार महिन्यांनी कुणाकडून तरी ऐकते. त्याचं मूळ सैन्य अधिनियम 1950 च्या कलम 122 मध्ये असावं. लष्करी न्यायालयात खटला भरायला तिथे तीन वर्षांची मुदत आहे खरी, पण त्याच कलमात पुढे म्हटलंय की पलायनाच्या गुन्ह्याला ही मुदत लागू नाही. लोक पहिलं वाक्य सांगतात, दुसरं गाळतात.

रजा संपली आणि भाऊ हजर झाला नाही तर काय होतं ते ऐका. पहिल्या दिवसापासून तो याच सैन्य अधिनियमाच्या कलम 39 मध्ये येतो: पुरेशा कारणाशिवाय रजा ओलांडणं, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. तीस दिवस उलटले की कलम 106 खाली चौकशी न्यायालय बसतं, त्याची गैरहजेरी नोंदवतं, त्याच्याकडच्या सरकारी सामानाचा हिशेब करतं. त्यानंतर तो आपणहून आला नाही किंवा सापडला नाही तर त्याला पळपुटा मानतात. कमांडिंग ऑफिसर मुलकी अधिकाऱ्यांना लेखी कळवतो, आणि कलम 105 प्रमाणे पोलीस त्याला वॉरंटशिवाय उचलू शकतात. पलायन कलम 38 मध्ये येतं. शांततेच्या काळात त्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे.

गैरहजेरी आणि पलायन यांत फरक आहे तो मनातल्या हेतूचा. 1986 साली कॅप्टन वीरेंद्र कुमार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो नीट उलगडून सांगितला: परत जायचंच नाही किंवा ठरावीक कर्तव्य टाळायचं, असा हेतू असेल तर पलायन, नाहीतर नुसती बिनपरवानगी गैरहजेरी. आता हेतू कशावरून ठरवतात? अलीकडे बहुतेक वेळा मोबाइलवरून. भावाने प्लाटूनमधल्या मुलांना ‘भाई मैं नहीं आ रहा’ वगैरे लिहिलं असेल तर आजच्या आज त्याच मुलांना ‘तारखेला येतोय’ असं कळवायला सांगा, आणि मग खरंच जायला सांगा. जुना मेसेज पुसून टाका असं मी सांगणार नाही. पुसलेला मेसेज समोरच्याच्या फोनमध्ये असतोच.

आता ओळखीच्या वकिलांचं म्हणणं. अज्ञान मुलाने केलेला करार रद्दबातल हे दोन खाजगी माणसांतल्या व्यवहाराला बरोबर आहे, उद्या भावाने कुणाला जमीन विकली असती तर मीही तेच म्हटलं असतं. सरकारी सेवा मात्र करारावर संपत नाही. नेमणुकीपासून पुढे माणसाचा दर्जाच बदलतो आणि त्याचे हक्क कायदा ठरवतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये रोशनलाल टंडन निकालात सांगितलं. तो रेल्वे कर्मचाऱ्याचा खटला होता, पण तत्त्व तेच. अग्निपथ योजनेत वयाची खालची मर्यादाच साडेसतरा आहे आणि अठराच्या आतल्या मुलासाठी पालकांची सही लागते. ती बाबांनी केली. हा मुद्दा घेऊन मी तरी न्यायालयात उभी राहणार नाही.

आता तुमच्या उपयोगाचं, म्हणजे तारखा.

सैन्य अधिनियमाचं कलम 13 म्हणतं, भरती अधिकाऱ्याने उमेदवाराला सेवेच्या अटी वाचून, समजावून सांगायच्या, फॉर्मवरचे प्रश्न विचारायचे, खोटं उत्तर दिलं तर शिक्षा आहे अशी ताकीद द्यायची. कलम 14: याला सगळं कळलंय आणि मान्य आहे अशी खात्री पटली की अधिकारी सही करतो, उमेदवाराची सही घेतो, आणि त्या क्षणी मुलगा सैन्यात नोंदला जातो. कसम परेड, म्हणजे शपथविधी, पुढे कधीही होवो. ‘अजून शपथ कुठे घेतलीय, तो अजून शिपाई नाही’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. (निवड यादीत नाव आहे पण या फॉर्मवर अजून सही केलेली नाही, अशा मुलांची गोष्ट वेगळी. त्यांना सैन्य अधिनियम लागूच होत नाही. मन बदललं असेल तर त्यांनी सहीआधी भरती कार्यालयाला लेखी कळवावं.)

मग कलम 15. नोंदणी झालेल्या माणसाने तीन महिने पगार घेतला आणि त्याचं नाव पटावर राहिलं की भरतीत अनियमितता होती, बेकायदा होती किंवा दुसरं कुठलंही कारण सांगून मुक्ती मागायचा हक्क संपतो. तीन महिन्यांच्या आत मागणी केली, तरी मुक्त होईपर्यंत तो सैनिकच राहतो. मी हे कलम असं वाचते: तीन महिन्यांच्या आत मागायला दार उघडं आहे, पण दिलंच पाहिजे असं बंधन लष्करावर नाही. तरीही उघड्या दारातून मागणं आणि बंद दारावर धडका मारणं यांत फरक पडतो.

भाऊ हजर होईल तेव्हा 77 वा दिवस असेल. म्हणजे जेमतेम दोन आठवडे हातात. मोजणी फॉर्मवरच्या सहीच्या तारखेपासून करा. प्रशिक्षण केंद्रात पोहोचल्याची तारीख बहुतेकदा नंतरची असते आणि मुलांच्या लक्षात तीच राहते.

अर्ज त्याने स्वतःच्या अक्षरात लिहावा, बाबांनी किंवा तुम्ही नाही. एक पान पुरे. अमुक तारखेला नोंदणी झाली, अजून शपथ झालेली नाही, सैन्य अधिनियमाच्या कलम 15 मधली तीन महिन्यांची मुदत संपण्याआधी मी मुक्ततेची विनंती करतो, कारणं अशी. फॉर्मवर सही घेताना अटी खरोखरच कुणी वाचून दाखवल्या नसतील तर तसं लिहा. दाखवल्या असतील तर त्या वाटेला जाऊ नका; नोंदणीच्या कागदांवर बाबांचीही सही आहे आणि उद्या त्यांनाच विचारतील. शेवटी एक ओळ हवीच: ‘या अर्जावर निर्णय होईपर्यंत मी माझी ड्युटी नियमित करीन.’ अर्ज उस्तादांमार्फत (म्हणजे प्रशिक्षकांमार्फत) कंपनी कमांडरकडे, तिथून वर. एक प्रत आजच केंद्राच्या कमांडंटच्या नावे स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती घरी ठेवा, तारखेचा वाद पुढे नको.

मंजूर होईल का? खरं सांगते, अग्निपथच्या अटींत स्वतःच्या विनंतीवरून मध्येच सोडायला परवानगी नाही. फक्त अगदी अपवादात्मक प्रसंगी सक्षम अधिकारी ती देऊ शकतो. आणि ‘मन लागत नाही, आयटीआय करायचंय’ हे कुठल्याच व्याख्येत अपवादात्मक बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये अमित कुमार रॉय प्रकरणात हवाई दलाच्या जवानाला हेच सांगितलं: मुदत संपण्याआधी मनाला येईल तेव्हा सेवा सोडायचा बिनशर्त हक्क सैनिकाला नाही. पण भावाच्या बाजूने एक गोष्ट आहे. त्याची शपथ व्हायची आहे, प्रशिक्षण अर्ध्यावर आहे. सैन्य नियम 1954 च्या नियम 13 मध्ये शपथ झालेल्यांची आणि न झालेल्यांची मुक्तता वेगळी हाताळली आहे, आणि ज्याच्यातून चांगला सैनिक होईलसं वाटत नाही अशा रिक्रूटला लष्कर स्वतःही घरी पाठवतं. पुढे युनिटमध्ये पोस्टिंग झाल्यावर मागण्यापेक्षा आत्ता मागणं केव्हाही सोपं. नकार आलाच तर कलम 26 खाली तक्रार, आणि तिथेही न्याय मिळाला नाही तर सशस्त्र दल न्यायाधिकरण, त्याचं एक खंडपीठ मुंबईला आहे. तो रस्ता लांबचा आहे आणि तोवर भावाला परेडला उभं राहावंच लागेल.

गुडघ्याचं नाटक नको. आजाराचं सोंग घेणं किंवा मुद्दाम आजार ओढवून घेणं कलम 46 खाली येतं, शिक्षा सात वर्षांपर्यंत. म्हणजे पळून जाण्याइतकीच. लष्करी डॉक्टरांनी असे गुडघे तुमच्या भावाच्या वयाइतकी वर्षं पाहिलेले असतात.

पण छताकडे बघत पडून राहणं हे नाटक नाही, आणि तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती त्या एका ओळीची. त्याला आज-उद्याच डॉक्टरांना दाखवा, कागद घ्या. टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. डॉक्टर म्हणाले की हा आत्ता प्रवास करण्याच्या स्थितीत नाही, तर रजा संपण्याच्या आत युनिटला कळवा, रजा वाढवून मागा आणि त्याला जवळच्या लष्करी रुग्णालयात हजर करा. तेव्हा ते ‘पुरेसं कारण’ होतं. रजा संपल्यावर दहा दिवसांनी आणलेलं सर्टिफिकेट कुणी मनावर घेत नाही. केंद्रात परत गेल्यावरही त्याने एमआय रूममध्ये, म्हणजे केंद्राच्या दवाखान्यात, जाऊन झोपेचं खरं ते सांगावं.

पैशांचं थोडक्यात. पहिल्या वर्षी महिना 30,000 पगारापैकी 9,000 सेवा निधीत, म्हणजे मुदतीअंती एकरकमी मिळणाऱ्या फंडात, जातात. स्वतःच्या विनंतीवरून सुटला तर त्याचे जमा झालेले पैसे व्याजासह मिळतात, सरकारचा हिस्सा मिळत नाही. प्रशिक्षणाचा खर्च भरा असं कुणी म्हटलं तर लेखी आदेश मागा, तोंडी आकड्यावर घरात रडारड नको.

मुक्तता मिळाली तर कलम 23 प्रमाणे त्याला प्रमाणपत्र मिळतं, आणि ते इंग्रजीबरोबर त्याच्या मातृभाषेतही द्यायचं असं कायदाच म्हणतो. कुणाच्या आदेशाने सुटला, का सुटला, किती दिवस सेवा केली, हे त्यावर असतं. आयटीआयच्या प्रवेशाला, उद्या पोलीस भरतीला, पासपोर्टला तोच कागद विचारतील. मामांच्या शेतावरून असा कागद मिळत नाही.

बाबांशी बोलायचं काम तुमचं, त्याला कलम नाही. अर्जाबद्दल त्यांना केंद्रातून फोन येण्याआधी घरातून कळलेलं बरं.

परतीचं तिकीट काढलं नसेल तर आज काढा. रजेचा कागद खिशात, हजर व्हायच्या वेळेआधी निदान अर्धा दिवस हातात ठेवून. आणि वेटिंगचं तिकीट नको. गाडीत जागा मिळाली नाही हे कलम 39 मध्ये पुरेसं कारण ठरतं का, यावर मला युक्तिवाद करायला लावू नका.