‘कॉन्ट्री’ कशाची असते?

प्रश्न : मुलगा साताऱ्याकडच्या गावातून पुण्याला इंजिनिअरिंगला गेला. आमच्या घरात कुणी थेंबाला शिवलेलं नाही. दुसऱ्या वर्षापासून तो रूमवर प्यायला लागलाय. आमचं काय चुकलं?
– एक पालक

उत्तर : या प्रश्नाचं उत्तर एकट्या घरात शोधू नका. गावात संध्याकाळी ‘कुणाचा रे तू?’ म्हणून हटकणारं माणूस असतं. फ्लॅटवर चार पोरं आणि मेसचा डबा, बाकी विचारणारं कुणी नाही. शनिवारी ‘बसायचं’ ठरतं, कॉन्ट्री, म्हणजे दारूसाठीची वर्गणी, निघते. ज्या पोरांकडून नोट्स, प्रोजेक्टमधली जागा, सिनियरची ओळख मिळते, बहुधा तीच पोरं कॉन्ट्री गोळा करतात. त्या पैशात बाटलीपेक्षा घोळक्यातली जागा जास्त असते, आणि परगावाहून आलेल्या मुलाला तिची फार गरज असते.

चवसुद्धा घोळक्यातच लागते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर यांनी १९५३ मध्ये गांजा ओढणाऱ्यांबद्दल हेच मांडलं. ओढायचं कसं, चढलंय हे ओळखायचं कसं आणि त्याला मजा म्हणायचं कसं, हे तिन्ही सोबतचे शिकवतात. शिवाय एक गैरसमज पक्का बसलेला असतो. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवरचा १९९३ सालचा अभ्यास सांगतो, की इतरांना दारूचं काही वाटत नाही, खटकतं ते आपल्यालाच, असं मुलं धरून चालत होती. चौघांपैकी तिघांना नको असतानाही बाटली फुटते ती अशी.

म्हणून त्याच्याशी सकाळी, तो शुद्धीत असताना, एकट्यात बोला. किती, कोणत्या दिवशी, कोणाबरोबर आणि पैसे कुठून, एवढंच विचारा. शपथा घालू नका. मोडलेली शपथ लपवायला खोटं बोलणं सुरू होतं. पैसे एकदम तोडलेत तर उधारी होते, मोबाइल विकला जातो. भाडं आणि मेस परस्पर भरा, हातखर्च आठवड्याचा आठवड्याला द्या. सेमिस्टर संपताना रूम बदलता येते का पाहा. शनिवारची संध्याकाळ मात्र रिकामी ठेवून चालणार नाही. एकांकिकेची तालीम, रात्रीचा ट्रेक, ढोलपथक, काहीही चालेल, पण तिथे नवी माणसं हवीत. नुसतं ‘पिऊ नको’ म्हणणं म्हणजे त्याला ‘एकटा राहा’ म्हणणं आहे, आणि ते त्याच्याच्याने होणार नाही.

रोज पीत असेल आणि सकाळी हात थरथरत असतील, तर खोलीत कोंडून दारू सोडवू नका. अचानक बंद केल्यावर बहुधा पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, त्यानंतर भ्रमही होऊ शकतो. त्यात जीव जातो. आधी डॉक्टर गाठा. १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन मोफत आहे.

प्रश्न : बियर म्हणजे काही दारू नव्हे ना? मी एकच बाटली घेतो.
– विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : ६५० मिलीची, ८ टक्क्यांची स्ट्राँग बियर घ्या. त्यात ५२ मिली शुद्ध अल्कोहोल असतं. व्हिस्कीचे ३० मिलीचे चार पेग घेतले तरी जवळपास तेवढंच जातं. ते उतरायला चार-पाच तास लागतात. रात्री बाराला बाटली संपवून दोनला गाडीला किक मारणारा प्यालेलाच असतो. आणि महाराष्ट्रात बियरसाठीही वय २१ लागतं.

प्रश्न : वसतिगृहात एका मुलाकडे गांजा सापडला. काढून टाकावं का?
– रेक्टर

उत्तर : काढलंत तर तो त्याच मित्रांच्या फ्लॅटवर जाईल, तेही कुणाची नजर नसताना. विकणारा आणि ओढणारा यांत फरक करा. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात कलम ६४-अ आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी आपणहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं. पालकांना हे समजावून सांगा.

आजच नोटीस लावा : बेशुद्ध मित्रासाठी मदत मागणाऱ्यावर कारवाई होणार नाही. पोरं रेक्टरला घाबरून दार लावून घेतात आणि पडलेल्याला लिंबूपाणी पाजतात; ते, नाहीतर उलटी, श्वासनलिकेत जाते. त्याला कुशीवर झोपवा, तोंडात काही घालू नका, एकटं सोडू नका. हलवून जागा होत नसेल किंवा श्वास अडखळत असेल, तर १०८ ला फोन करा.