कोकणातल्या हवेत बॅरिटोन युकुलेले घ्यावं का?

ताई, तुमचं म्हणणं असं : कॉलेजात गिटार वाजवायचात, आता मनगट साथ देत नाही, अभंग-भावगीतं म्हणताना हाताशी काहीतरी हवंय. दुकानदार सोप्रानो, म्हणजे छोटं युकुलेले (चार तारांचं गिटारसारखं वाद्य), गळ्यात मारतोय आणि वेंगुर्ल्याच्या पावसाची धास्ती आहे.

बिनधास्त बॅरिटोन घ्या, म्हणजे युकुलेलेतलं मोठं. त्याच्या तारा म्हणजे गिटारच्या पहिल्या चार, चौथीपासून पहिलीपर्यंत : डी, जी, बी, ई. जुन्या कॉर्ड्स (एकत्र वाजणारे स्वर) तशाच चालतात, जाड दोन तारा फक्त विसरायच्या. जी कॉर्डला तर एकच बोट लागतं. सोप्रानो जी-सी-ई-ए, त्यातही चौथी तार उंच स्वराची. किणकिणतं छान, पण त्याला खर्ज नाही. नेटवरचे बहुतेक युकुलेले तक्ते सोप्रानोचे असतात, त्यातला सी बॅरिटोनवर धरलात की जी वाजतो. तेव्हा तक्ते गिटारचेच बघा.

खरी गंमत कॉर्ड्सच्या पलीकडे आहे. तुमची गायची पट्टी पांढरी पाच, म्हणजे जी, असेल तर तिसरी मोकळी तार षड्ज आणि चौथी खर्जातला पंचम. अंगठ्याने या दोनच तारा सावकाश छेडत राहा, तंबोऱ्याची सोय झाली. काळी चारला गात असाल तर पहिल्या फ्रेटवर (दांडीवरची आडवी पट्टी) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा. दुसरी तार मोकळी शुद्ध गंधार, पहिली शुद्ध धैवत, त्यामुळे कोमल गंधाराच्या चालीला चारही तारांवरून हात फिरवू नका, कानाला खुपतं. आणि षड्जापासून तार षड्जापर्यंतचे सगळे शुद्ध स्वर तिसरी ते पहिली या तीन तारांवर पहिल्या तीन फ्रेटमध्येच मिळतात. मनगटाला यापेक्षा सुखाचं काय असणार!

आता पाऊस. जुलैत पेटीच्या पट्ट्या अडकतात, तिथे पातळ लाकडाची काय कथा. अखंड लाकडाचा टॉप, म्हणजे पुढची फळी, दमट हवेत फुगतो, तारा वर उचलल्या जातात, बोटं दुखतात. त्याचा आवाज सरस, हे मान्य. तरी किनाऱ्यावर राहणाऱ्याने लॅमिनेट, म्हणजे प्लायचं घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. मालवणात माझं प्लायचंच आहे. वाजवून झालं की पुसून, सिलिका जेलच्या पुड्यांसकट बंद केसमध्ये. भिंतीवर टांगलंत तर बुरशी ठरलेली. मे महिन्यात बंद गाडीत मात्र ठेवू नका, उन्हाने गोंद सुटतो.

दुकानात फूटपट्टी घेऊन जा. नटपासून (दांडीच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर आणि तिथून सॅडलपर्यंतचं (खालच्या टोकाची तशीच पट्टी) जवळपास सारखं हवं, सॅडलकडचं किंचित जास्त. तफावत मोठी दिसली तर वरचे स्वर कधीच जुळणार नाहीत. बाराव्या फ्रेटवर तार तीनेक मिलीमीटरहून फार उंच नको.

डी आणि जी तारांना बहुधा धातूचं वेटोळं असतं. खाऱ्या हवेत त्याच आधी काळ्या पडतात, आवाज बसतो. बॅरिटोनचा संच मिळाला नाही तर क्लासिकल गिटारच्या नायलॉन तारांतल्या चौथी ते पहिली लावा. लांबी कमी, म्हणून थोड्या सैल वाटतील, एवढंच. स्टीलच्या तारा चुकूनही नको, ताणाने ब्रिज, म्हणजे तारा बांधलेला लाकडी तुकडा, उखडतो. खुंट्यांच्या दातांना शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब पुरतो.

तुमची पट्टी नेमकी कुठली ते कळवा, म्हणजे कॅपो कुठे लावायचा ते सांगतो.