स्नायू वाढावेत, पोट नको

प्रश्न : माझे वजन ७० किलो आहे. व्यायामशाळेत जाऊ लागल्यापासून दंड भरले, पण पोटही सुटले. आहार कसा ठेवावा?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आपण बहुधा गरजेपेक्षा फार जास्त खात आहात, रोज २०० ते ३०० कॅलरी अधिक मिळाल्या तरी पुरे. प्रथिने मात्र वजनाच्या किलोमागे सुमारे १.६ ग्रॅम, म्हणजे आपल्याला दिवसाला ११० ग्रॅमच्या आसपास हवीत, आणि वाटीभर वरणातून ती जेमतेम ५-६ ग्रॅम मिळत असल्याने नुसत्या वरणभातावर हा हिशेब जुळत नाही. अंडी, पनीर, सोयाबीन यांची जोड द्यावी. व्यायामानंतरची तर्रीदार मिसळ क्वचितच बरी. वजन घेऊन मारायच्या बैठकांत भार हळूहळू वाढवावा. दर पंधरवड्याला बेंबीपाशी घेर मोजावा आणि तो वाढत असल्यास आधी तेल-तूप व गोड कमी करावे, प्रथिने नव्हे.