तुमचा प्रश्न : बावीस लेख आणि अर्धं खातं

प्रश्न : ताई, नमस्कार. जाहिरातींच्या उत्पन्नातला वाटा देणाऱ्या एका वेबसाइटवर मी चार महिन्यांत बावीस लेख टाकले. ‘एकदा लिहा, वर्षानुवर्षं कमवा’ असं तिथे म्हटलं होतं. पैसे काढायला जी किमान रक्कम लागते, तिच्या निम्मीसुद्धा अजून जमलेली नाही. आता दुसरीकडून शब्दामागे ठरावीक दराचं काम आलंय, पण लेखावर माझं नाव नसेल. पहिलं सोडू का?
— एक वाचक

उत्तर : बावीसच ना? माझे चाळीस लेख होईपर्यंत मी रोज सकाळी दात घासायच्या आधी डॅशबोर्ड, म्हणजे कमाई दाखवणारं पान, उघडून बघायचे. काल किती, आज किती. बहुतेक दिवस कालच्याइतकेच.

वाटा मिळतो तो लेखाचा नाही, लेखाशेजारच्या जाहिरातीचा. पान किती वेळा उघडलं, जाहिरात कोणती लागली, ती कुणी दाबली का, यावर सगळं. त्यात किमान रकमेचा उंबरठा. वेबसाइटवर जाहिराती लावणाऱ्या गूगल ॲडसेन्सचा 100 डॉलरचा आहे. तो ओलांडेपर्यंत तुमचे पैसे नुसते दिसतात. माझ्या साठ लेखांपैकी दोघांनी इतर सगळ्यांचं पोट भरलं. एक होता कापडावर सांडलेलं मेण कसं काढावं यावर, एका बैठकीत खरडलेला. ज्याच्यासाठी चार दिवस घालवले तो अकरा जणांनी वाचला, आणि त्यातली तीन वेळा मीच.

बरं, ‘वर्षानुवर्षं’ म्हणायला ती वेबसाइटही तेवढी टिकायला हवी. 2011च्या फेब्रुवारीत गूगलने पांडा नावाचा बदल आणला आणि घाऊक लेख छापणाऱ्या वेबसाइटी शोधात खाली गेल्या. असोसिएटेड कंटेंट ही अशीच एक वेबसाइट याहूने 2010मध्ये विकत घेतली, तिचं याहू व्हॉइसेस केलं, आणि 2014मध्ये बंदही केली. त्याच वर्षी स्क्विडू या दुसऱ्या वेबसाइटचे लेख हबपेजेस या तिसरीकडे गेले. मी जिथे लिहायचे तीही वेबसाइट बंद झाली. लेख उतरवून घ्यायला तीस दिवस दिले होते म्हणे. तो मेल माझ्या स्पॅममध्ये पडून होता. मेणाचा लेख आज माझ्याकडेच नाही. म्हणून हे पत्र वाचून झालं की बावीसच्या बावीस लेख स्वतःकडे उतरवून ठेवा.

आता नवं काम. शब्दाचा दर बघून हुरळू नका, घड्याळ लावा. मी एकदा आठशे शब्दांच्या लेखाला लावलं होतं. माहिती शोधण्यात दोन तास, लिहिण्यात दीड, चित्रं शोधून चढवण्यात चाळीस मिनिटं, आणि ‘कीवर्ड (लोक गूगलवर शोधतात तो शब्द) पहिल्या परिच्छेदात बसवा, पण बसवलाय असं वाटू देऊ नका’ या संपादकीय आज्ञेत आणखी चाळीस. जवळजवळ पाच तास. मिळालेल्या रकमेला पाचाने भागलं आणि दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. तुम्हीही भागून बघा. जमत असेल तर काम घ्या.

नाव नसण्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. हक्काचं मात्र विचारा. अशा कामात लेख बहुधा पूर्ण विकला जातो, मग तोच मजकूर दुसरीकडे देता येत नाही. पुढचं काम मागताना नमुना म्हणून दाखवला तर चालेल का, हे आधीच लेखी घ्या. पैसे लेख स्वीकारल्यावर की छापल्यावर? या दोन शब्दांच्या मधे माझे एकदा सात महिने गेले. दुरुस्त्या किती वेळा, तेही ठरवा. आणि ‘चाचणी म्हणून’ पूर्ण लेख फुकट मागणाऱ्याला सरळ नाही म्हणा.

2022च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं, तेव्हापासून ‘अमुक गोष्टीचे दहा फायदे’ छापाची कामं माझ्याकडे यायची जवळजवळ थांबली. खरं सांगायचं तर सुटले. अजूनही लोक मागतात ते मी स्वतः करून पाहिलेल्या, चुकलेल्या गोष्टींवरचं.

तर, पहिलं सोडू नका, पण तिथे तूर्त नवं काही लिहू नका. बावीसपैकी ज्या दोनतीन लेखांना वाचक येताहेत तेवढेच नीट करा. जुनी माहिती काढा, शीर्षकं लोक शोधतात तशी ठेवा. बाकीच्यांकडे बघू नका. उरलेला वेळ नव्या कामाला द्या, निदान तीन महिने. आणि पुन्हा लिहाल तेव्हा ते दोनतीन लेख कशावरचे आहेत ते कळवा. पत्रात नेमकं तेवढंच राहिलंय, आणि मला तेच जाणून घ्यायचंय.