मेश बारीक केली की स्ट्रेस वाढतोच. खरा आकडा कुठला?

प्रश्न : एल आकाराच्या स्टीलच्या ब्रॅकेटचं फायनाइट एलिमेंट मॉडेल करतोय, म्हणजे भागाचे छोटे तुकडे (एलिमेंट) पाडून त्यांच्या जाळीवर (मेश) स्ट्रेस, म्हणजे दर क्षेत्रफळामागचं आतलं बल, काढतोय. आतला कोपरा काटकोनी आहे, मटेरियल लिनिअर इलॅस्टिक, म्हणजे स्ट्रेसच्या प्रमाणात ताणलं जाणारं. एलिमेंट 4 मिमीचं घेतलं तर कोपऱ्यात 182 मेगापास्कल स्ट्रेस येतो. 2 मिमीला 249, 1 मिमीला 342, अर्ध्या मिमीला 469. मार्गदर्शक म्हणतात, मधली मेश घे आणि रिपोर्ट पूर्ण कर. खरा आकडा कुठला?

उत्तर : चारांपैकी एकही नाही. मेश आणखी कितीही बारीक केलीत तरी तो सापडणार नाही, कारण या मॉडेलमध्ये तो नाहीच.

तुमचेच आकडे एकमेकांना भागून बघा. 249 भागिले 182 म्हणजे 1.37. 342 भागिले 249, पुन्हा 1.37. 469 भागिले 342, तेच. उत्तर स्थिरावत असतं तर हे गुणोत्तर दर पायरीला एकाच्या जवळ सरकलं असतं. इथे ते जागचं हलत नाही. सॉफ्टवेअर बिघडलेलं नाही. आतल्या तीक्ष्ण कोपऱ्याजवळ स्ट्रेस कसा वाढतो हे विल्यम्स या संशोधकाने 1952 मध्ये मांडलं. काटकोनासाठी तो कोपऱ्यापासूनच्या अंतराच्या उणे 0.455 व्या घाताने वाढतो. अंतर निम्मं केलं की 2 चा 0.455 वा घात, म्हणजे 1.37 पट! तुमचं मॉडेल नीट बांधलेलं आहे याचा हा पुरावाच समजा.

म्हणून मधल्या मेशचा सल्ला मला मान्य नाही. त्याने एलिमेंटचा आकार हाच ब्रॅकेटचा गुणधर्म होऊन बसतो. तुमच्या जागी दुसऱ्या कोणी 3 मिमीची मेश घेतली तर त्याचा ब्रॅकेट वेगळा का ठरावा?

आधी खरा भाग हातात घेऊन कोपरा पाहा. मशिनिंग केलेल्या, ओतलेल्या किंवा वाकवलेल्या भागात तिथे थोडी तरी गोलाई असतेच. ती मोजा, मॉडेलमध्ये काढा आणि त्या कमानीवर पुरेशी एलिमेंट्स द्या. मग स्ट्रेस एका आकड्यावर येऊन थांबेल. कोपऱ्यात वेल्ड असेल आणि काळजी फटीगची, म्हणजे वारंवारच्या लोडने भेग पडण्याची असेल, तर कोपऱ्यावरचा आकडा सोडून द्या. प्लेटच्या जाडीच्या 0.4 पट आणि 1 पट अंतरावरचे स्ट्रेस घ्या, पहिल्याच्या 1.67 पटीतून दुसऱ्याची 0.67 पट वजा केली की हॉट-स्पॉट स्ट्रेस, म्हणजे वेल्डच्या कडेला फटीगसाठी धरायचा स्ट्रेस, मिळतो. भेग आधीच पडलेली असेल तर स्ट्रेस विचारूच नका, भेगेच्या टोकाजवळचा स्ट्रेस किती तीव्र आहे हे सांगणारा स्ट्रेस इंटेन्सिटी फॅक्टर काढा. आणि लोड स्थिर, स्टील तन्य, म्हणजे न तुटता ताणलं जाणारं असेल तर कोपऱ्यातला इवलासा भाग यील्ड होतो (कायमचा ताणला जातो), त्याने सहसा बिघडत नाही. कोपऱ्यापासून दूरचे स्ट्रेस आणि ब्रॅकेट किती वाकला हे तुमच्या आताच्या मॉडेलमधूनही बिनधास्त घ्या.

प्रश्न : काँक्रीटच्या बीमला टेन्शनमध्ये (ओढ बसताना) सॉफ्टनिंगचा, म्हणजे कमाल स्ट्रेसनंतर खाली उतरत जाणारा स्ट्रेस-स्ट्रेन (ताणाचं प्रमाण) आलेख दिलाय. मेश बारीक केली की बीम अधिकाधिक ठिसूळ होत जातो. कोपरा तर कुठेच नाही!

उत्तर : इथे दोष भूमितीत नाही, मटेरियलच्या नियमात आहे. स्ट्रेस-स्ट्रेन आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे दर घनफळामागची ऊर्जा. सॉफ्टनिंग सुरू झालं की सगळं नुकसान एलिमेंटच्या एकाच ओळीत गोळा होतं आणि बाकीचा बीम सैल पडतो. ती ओळ जितकी बारीक, तितकं तिचं घनफळ कमी आणि भेग पडायला लागणारी ऊर्जाही कमी. मेश बारीक करत गेलात तर ही ऊर्जा शून्याकडे जाते, म्हणजे बीम फुकटात तुटतो. असं कुठलंही काँक्रीट वागत नाही.

नियमात लांबीचं एखादं माप हवं. बाझांत आणि ओह या संशोधकांनी 1983 मध्ये सुचवलेली क्रॅक बँडची रीत सोपी आहे : स्ट्रेन आलेखातून थेट घ्यायचा नाही, फ्रॅक्चर एनर्जी, म्हणजे दर चौरस मीटर भेग पडायला लागणारी ऊर्जा द्यायची आणि आलेखाचा उतार एलिमेंटच्या आकारानुसार बदलायचा. साध्या काँक्रीटसाठी 100 न्यूटन प्रति मीटरच्या आसपासचा आकडा सुरुवातीला धरायला हरकत नाही. स्वतःच्या नमुन्यावर नॉच (खाच) देऊन चाचणी घेता आली तर फारच उत्तम.

एक मात्र तपासाच. या रीतीतही भेग मेशच्या रेषा धरून धावायला बघते. तुमच्या बीममध्ये शिअरच्या तिरक्या भेगा अपेक्षित असतील तर मेश तिरकी फिरवून तोच लोड पुन्हा द्या. भेगेची दिशाही मेशबरोबर फिरली, तर नॉनलोकल किंवा ग्रेडियंट मॉडेलकडे वळा, ज्यात एका बिंदूचं नुकसान आसपासच्या भागावरूनही ठरतं. गणनेला वेळ बराच जास्त लागेल, पण तिरक्या भेगांसाठी मी तोच मार्ग घेईन.